वास नसलेला शब्द

वाळत घातलेल्या मोहाच्या फुलांचा वास पहिल्या दिवशी गोड असतो, दुसऱ्या दिवशी आंबूस होतो आणि तिसऱ्या दिवशी अंथरुणात शिरतो. आपल्या खोलीत तो माझ्या उशीपर्यंत आला होता. सातपुड्याच्या पायथ्याच्या त्या आश्रमशाळेमागे, पत्र्याच्या छपराखाली, दोन खाटा आणि एक मोरी एवढीच ती खोली. मी मराठीची नवी शिक्षिका, तू मुलींच्या वसतिगृहाची अधीक्षिका. तुझ्या खाटेखाली गोणपाटावर पसरलेली फुलं पाहून, तापीकाठच्या घरातून आलेल्या मी पदर नाकाला लावला. तू मांडी घालून बसली होतीस. म्हणालीस, "पाटलीणबाई, सहन होत नसेल तर नाक काढून खुंटीला अडकव. सकाळी परत लाव."

चोवीस वर्षं झाली, जमना. आज तुला जाऊन अकरा दिवस झाले आहेत. मोह अजून गळू लागलेला नाही, आणि तरी माझ्या नंदुरबारच्या घरात, बंद खिडक्यांच्या आत, तो वास आज सकाळी कुठून आला ते मला कळत नाही.

रविताचा फोन आला तेव्हा मी ओट्याशी उभी होते. गावाबाहेरच्या पथारींवर मिरची वाळते आहे. वारा फिरला की तिची भुकटी आमच्या गल्लीत उतरते आणि घराघरांतून ठसके ऐकू येतात. तुझी लेक म्हणाली, "मावशी, आई गेली." मी विचारलं, "कुठे?"

मी खरोखरच असं विचारलं. तू नेहमी कुठेतरी गेलेलीच असायचीस. तळोद्याच्या बाजाराला, कुणाच्या रेशनकार्डाचा अर्ज घेऊन कचेरीत, कुणा म्हातारीच्या डोळ्यांच्या तपासणीला, जीपमध्ये चालकाच्या शेजारी अर्ध्या जागेवर बसून. तुझ्या लेकीला तेच वाक्य मला पुन्हा, वेगळ्या शब्दांत सांगावं लागलं. एका पोरक्या पोरीकडून मी ते दोनदा वदवून घेतलं. मग मी गॅस बंद केला, भाजी झाकली, पुसलेला ओटा पुन्हा पुसला. शेजारीण दारातून म्हणाली, "आज मिरची जास्तच उठी ऱ्हायनी ना, ताई." मी मान हलवली. डोळ्यांतलं पाणी मिरचीचं की तुझं, हे त्या घटकेला मला स्वतःलाही सांगता आलं नसतं.

हातपंपावर तू हंडा भरलास, खाली ठेवलास आणि त्याच्याशेजारी टेकलीस. एवढंच घडलं म्हणे. तुझे यजमान दित्याभाऊ मला हे सांगत होते तेव्हा ते सारखे हंड्याकडे परतत होते. "हंडा भरलेला होता. थेंब सांडला नव्हता. मी आधी हंडाच उचलला, मला वाटलं ती दमली." पन्नाशीही न गाठलेली तू. जीप घाट उतरून तळोद्याला पोचायच्या आत तू संपली होतीस. मला अजून रडू आलेलं नाही, जमना. दुःख मागच्या जीपने निघालं आहे आणि घाटात कुठेतरी अडकलं आहे, असं वाटतं. मी नुसती उभी आहे.

आणि उभी राहून मला एकच गोष्ट आठवते. "होळीनंतर लिहिते," असं मी तुला म्हणाले होते.

काय लिहायचं होतं ते तुला ठाऊक आहे. का लिहीत नव्हते, ते सांगायचं राहिलं. तेच आज सांगते. तुला ऐकू जाणार नाही, हा माझ्या आयुष्यातला सर्वांत सोयीस्कर आणि सर्वांत भयंकर योग आहे.

तुमच्याकडे घर आधी आणि मांडव नंतर. दोघांचं जमलं, दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी होकार दिला, की चूल पेटते. मांडव दोन्ही घरांना सवड होईल तेव्हा पडतो, कधी दोन वर्षांनी, कधी दहा. बापाचं आणि लेकाचं लग्न एकाच मांडवात लागलं तरी तुमच्या डोंगरात कुणी भुवई उंचावत नाही. सुट्टीच्या दिवशी तू दित्याच्या घरी जायचीस आणि सोमवारी पहाटेच्या जीपने परत यायचीस. केसांना लाकडाच्या धुराचा वास असायचा, पिशवीत मक्याची भाकरी माझ्यासाठी. पाचवा महिना लागला तेव्हा साडीच्या निऱ्यांना ते लपवता येईना. तूही लपवत नव्हतीस. वसतिगृहातल्या मुली तुझ्या पोटाला कान लावून आत काय चाललंय ते ऐकत. त्यांच्या आयांनी त्यांना तसाच जन्म दिला होता.

कुणीतरी खाली बातमी पोचवली. संस्थेचे अध्यक्ष आप्पासाहेब मोटारीतून आले, कार्यालयात टेबलाभोवती खुर्च्या मांडल्या गेल्या. त्या खोलीत डोंगरातलं एकही माणूस नव्हतं. तू बाहेर व्हरांड्यात, तांदूळ निवडत बसली होतीस. तुला आत बोलावलंच नाही. दाणे सुपात पडल्याचा आवाज मला आत ऐकू येत होता. आप्पासाहेब म्हणाले, "मुक्कामले पोरी ऱ्हातीस आठे. उद्या त्यासना मायबाप काय म्हनतीन?" त्या मायबापांना विचारलं असतं तर त्यांना प्रश्नच कळला नसता. हे मला त्या क्षणी ठाऊक होतं. मी खिडकीबाहेर पाहिलं. शाळेच्या कुंपणापलीकडे पळस पेटला होता आणि मी त्याच्या रंगाला उपमा शोधत होते.

मग ते माझ्याकडे वळले. "काढनं शे तिले. पन कागद सरकारमा टिकाले पाहिजे. बाई, तुमनी भाषा चांगली शे. तुम्हीच लिखा."

इथवरचं तुला माहीत होतं असं मी धरून चालते. उपस्थित म्हणून आम्ही सगळ्यांनी सह्या केल्या, हे तुला त्याच दिवशी कळलं होतं, आणि तू म्हणाली होतीस, "पोट सगळ्यांना आहे." त्यापुढचं मात्र फक्त मला ठाऊक आहे.

चहा येईपर्यंत मला वेळ दिला गेला. मी कोरा कागद पुढे घेतला. तुझ्यासाठी मराठीत जे शब्द होते ते सगळे माझ्या ओळखीचे होते. आमच्या गावच्या पाणवठ्यावर ते मी लहानपणापासून ऐकले होते. त्यातल्या प्रत्येकाला वास होता. कुणा ना कुणा बाईच्या अंगावर फेकलेला, तिच्या दारात कुजलेला. त्यांतला एकही मी तुझ्या नावापुढे ठेवू शकत नव्हते. 'असमाधानकारक वर्तन' असंही लिहिता आलं असतं. ते मला कोरडं वाटलं, आणि आप्पासाहेबांना वजन हवं होतं. कपाटात मुखपृष्ठ गळालेला एक जाडजूड इंग्रजी-मराठी शब्दकोश होता. तो मी काढला. इंग्रजीचा मला कधीच वास येत नसे. आणि तिथे, वाळवीने कडा खाल्लेल्या एका पानावर, मला तो सापडला. टर्पिट्यूड. मॉरल टर्पिट्यूड.

त्याच्यासमोर मराठीत 'नीचपणा, अधमता' असं छापलं होतं. ते मी वाचलं. वाचूनही मी ओठांतल्या ओठांत तो शब्द उच्चारून पाहिला, आणि मला तो आवडला. दूरच्या पाड्यावर ढोल दोनदा वाजावा आणि तिसरा ठोका कुणी हातानेच दाबून टाकावा, तसा तो वाजला. मला वाटलं, ह्या खोलीत हा कुणाला कळणार नाही. फाईल बंद होईल, तू दुसरीकडे लागशील, आणि तुझ्या नावावर कोणतीही घाण चिकटणार नाही. ज्या शब्दाला वास नाही तो निर्विष, असं मी समजले. कवितेवर वाढलेल्या मुलीने शब्द नादावरून निवडला. मी तुला वाचवते आहे, असं मला वाटत होतं, जमना. मजकूर कारकुनाने टंकलिखित केला, म्हणून माझं अक्षर त्या कागदावर कुठेच उरलं नाही.

आठवड्याने तपकिरी पाकीट घेऊन तू माझ्याच खाटेवर येऊन बसलीस. "बाकीचं कळलं. हे इंग्रजीतलं काय आहे गं?" तुझं बोट त्या शब्दावर होतं, नखात मोहाचा चिकट पिवळेपणा. मी म्हणाले, "काही नाही. कचेरीची भाषा." तू पाकीट चार घड्या घालून पोलक्यात खोचलंस आणि खाटेखालची फुलं गोळा करू लागलीस.

तो शब्द कोरा नव्हता हे आपल्या दोघींना एकाच क्षणी कळलं. रविता तेव्हा कडेवर होती. दुसऱ्या शाळेतल्या जागेसाठी तुझा अर्ज घेऊन आपण तालुक्याच्या एका कचेरीत गेलो होतो. कारकून भला माणूस होता. त्याने तुझे कागद चाळले, चष्मा कपाळावर सारला आणि हळू आवाजात म्हणाला, "बाई, नुसतं वर्तन बरं नाही असं लिहिलं असतं, तरी दुसरीकडे लागल्या असत्या. हे मॉरल टर्पिट्यूड आहे. नियमातला शब्द आहे हा. चोऱ्या करणाऱ्यांना, लाच खाणाऱ्यांना लागतो. एकदा फाईलवर आला की तुमचा अर्ज छाननीतच बाजूला पडतो, कुठल्याही शाळेत. कुणी घातला हा?"

"अध्यक्षांनी," तू म्हणालीस.

बाहेर पायरीवर बसून तू रविताला पाजत होतीस. तिची बाजू बदललीस. मग माझ्याकडे न पाहता म्हणालीस, "पण आप्पासाहेबांना एवढं इंग्रजी कुठून आलं, वसू? ते तर सहीसुद्धा मराठीत करतात." मी उठून पाणी आणायला गेले. नळाचं पाणी गरम होतं आणि त्याला गंजाची चव होती. दोन ओंजळी मी स्वतः प्यायले, तिसरी तुझ्यासाठी आणायला विसरले.

त्यानंतर तू कुठल्याच शाळेत गेली नाहीस. शाळेत शिकलेलं सगळं तू पाड्यावर उधळलंस. दाखले, अर्ज, वनहक्काचे दावे, परगावी ऊसतोडीला गेलेल्या नवऱ्यांना पत्रं. डोंगरातल्या किती घरांचं म्हणणं तुझ्या अक्षरात सरकारपर्यंत पोचलं असेल. काळ्या शाईचं एकच पेन, दोरीने गळ्यात. मी मात्र पुढे शिकले, नंदुरबारच्या महाविद्यालयात मराठी शिकवू लागले, माझ्या कवितांना लोक दाद देऊ लागले. शब्दांच्या निवडीबद्दल कुणी माझी स्तुती केली की माझ्या जिभेवर गंज येत असे.

तुझं लग्न लागलं तेव्हा रविता पाच वर्षांची होती. रात्रभर नाचून तिचे पाय सुजले होते आणि तरी ती खाली बसायला तयार नव्हती. तू हळदीच्या अंगाने मला चिमटा काढलास. "माझ्या लग्नात माझी पोर नाचली. तुझ्या लग्नात कोण नाचलं गं? बँडवाले?" आणि वर, "आता मी चारित्र्यवान झाले का ते तुझ्या आप्पासाहेबांना विचारून सांग." मी हसले. तुझ्याबरोबर मी किती वेळा हसले, जमना, आणि त्या प्रत्येक हसण्याच्या तळाशी हा एक खडा होता.

महाविद्यालयाच्या ग्रंथालयात तुला घेऊन गेले तो दिवस आठवतो का? डांबरगोळ्यांचा वास, वरून कुरकुरणारा पंखा. हट्ट तुझाच होता: "त्या शब्दाचं मूळ बघायचं मला. कुठून आला, कुणाच्या घरचा, ते तरी कळू दे. सोयरीक करताना आपण बघतोच की." मोठा इंग्रजी शब्दकोश मी टेबलावर उघडला. पानं मी मुद्दाम सावकाश उलटत होते. तुला वाटलं पुस्तक जड आहे. मी वाचून सांगितलं: इंग्रजीत तो फ्रेंचमधून आला, फ्रेंचमध्ये लॅटिनमधून. लॅटिनमध्ये 'टर्पिस' म्हणजे कुरूप, ओंगळ.

"लॅटिन कुठली गं? आपल्या तालुक्यातली नाही वाटतं."

"रोमकडची. आता ती कुणाच्या घरात बोलत नाहीत."

"म्हणजे मेलेल्या भाषेतून मला कुरूप म्हणाले. समोर येऊन म्हणायचं की. आरसा आहे माझ्या घरात." ग्रंथपाल आपल्याकडे पाहू लागला इतकी तू हसलीस. मग हसू ओसरलं. "एवढंच आहे मूळ? आणखी मागे काही नाही?"

आणखी मागे काही होतं, पण पुस्तक त्याची खात्री देत नव्हतं. काही जाणकारांचा तर्क आहे की त्या शब्दाचं बीज 'वळणे' अशा अर्थाच्या एका फार जुन्या धातूत आहे: जे दिसताच माणूस तोंड फिरवतो, ते. इतरांना तो तर्क पटत नाही. मी तुला दोन्ही बाजू सांगितल्या. तू पानावरच्या त्या बारीक अक्षरांवरून बोट फिरवलंस आणि म्हणालीस, "मग यात माझं काय आहे? तोंड फिरवणारा दुसराच कुणी आहे."

तेव्हाच मी सांगायला हवं होतं. पंखा कुरकुरत होता, वेळ दुपारची होती, आपल्या दोघींत एका पुस्तकाएवढंच अंतर होतं. मी पुस्तक मिटलं.

त्या दिवसापासून आपला तो वाद सुरू झाला. तो तसाच अर्धा पडला आहे. मी म्हणायचे, शब्दाला स्वतःचं रक्त असतं, कुणी वापरला यावर त्याचा गुण ठरत नाही. काही शब्द जन्मतःच विषारी असतात. तू म्हणायचीस, शब्द बिचारा कपाटात झोपलेला असतो, त्याला उठवून कुणीतरी कामाला लावतं. "मला तो शब्द नको, वसू. मला त्याला उठवणारा हात बघायचा आहे. रागवायचंही नाही. नुसता बघायचा आहे." मी किती त्वेषाने भांडत असे तुझ्याशी. सगळा दोष मला शब्दावर ठेवायचा होता, कारण तो हात भाजी चिरत होता, तुला चहा गाळून देत होता, तुझ्या लेकीची वेणी घालत होता.

या हिवाळ्यात तू तळोद्याच्या बाजारातून थेट माझ्याकडे आलीस. पिशवीत हरभऱ्याची भाजी, आणि एका वहीत जपून ठेवलेला फुलस्केप कागद. रविताची नोकरीसाठी निवड झाली होती, त्याच आश्रमशाळेत. जूनमध्ये ती रुजू होणार. पेढा मला भरवलास आणि लगेच गंभीर झालीस. "माझी पोर त्या कार्यालयात बसणार. तिथल्या कपाटात मी आहे, वसू. ती एक दिवस कपाट उघडणार. तिने मला तिथे तशी भेटू नये."

तू कचेरीत चौकशी करून आली होतीस. इतक्या वर्षांनी नोकरी मिळणार नव्हती, तुला ती नकोही होती. पण ठराव फेरविचाराला ठेवता येतो, त्या बैठकीतल्या कुणी लिहून दिलं तर: चौकशी झाली नव्हती, तुला बोलावलं नव्हतं, तो शब्द चर्चेविना घातला गेला. आप्पासाहेब केव्हाच गेले, मुख्याध्यापक गेले, कारकुनाचा पत्ता नाही. "तू एकटी उरलीस. तू लिही. तुझी भाषा चांगली."

आप्पासाहेबांचंच वाक्य तुझ्या तोंडून आलं. व्हरांड्यात तांदूळ निवडताना ते तुझ्या कानावर पडलं होतं का? तुला सगळं ठाऊक होतं का? की ते नुसतं एका मैत्रिणीचं कौतुक होतं? अकरा दिवस मी या प्रश्नाभोवती फिरते आहे. मला त्याचं उत्तर आता मिळणार नाही, आणि मिळू नये हेच योग्य असावं. मी तेव्हा तुझा चेहरा पाहिला असता तर कदाचित कळलं असतं. मी भाजी निवडायला घेतली. "होळीनंतर लिहिते. आत्ता पेपर तपासायचे आहेत." तू म्हणालीस, "बरं." कागद वहीत परत ठेवलास. जिन्यावरून उतरताना वळून हात केलास. तुझं शेवटचं दर्शन मला असं झालं: जिन्याच्या वळणावर, गळ्यात पेन.

पाचव्या दिवशी मी वर आले. तळोद्याहून जीपने, तू बसायचीस त्याच अर्ध्या जागेवर. घाटात पळस पुन्हा पेटला आहे. या वेळी मी त्याला कसलीही उपमा दिली नाही.

तुझी खाट अंगणात भिंतीला उभी टेकवून ठेवली होती. तो हंडा दारात होता, भरलेलाच. त्यातलं पाणी कुणी प्यायलं नव्हतं, कुणी ओतूनही टाकलं नव्हतं. दित्याभाऊ ओसरीत बसून अंबाडीचा दोर वळत होते. रविताने मला पाणी दिलं, दुसऱ्या हंड्यातलं. तुझ्याबरोबर काय काय ठेवलं ते तिने सांगितलं: विळा, पाण्याचा लोटा, जेवायची थाळी, पेन. माणसाच्या हातातलं रोजचं ते त्याच्यासोबत द्यायचं, अशी तुमची रीत. मला तुझ्या गळ्यातली ती दोरी आठवली आणि काळ्या शाईचा वास.

मग तिने वही आणली. फुलस्केप तिच्यात तसाच होता. वर तुझ्या अक्षरात 'प्रति', खाली 'विषय : माझ्या फाईलवरील शब्दाबाबत', आणि त्याखाली सगळा कागद कोरा. माझ्यासाठी सोडलेला.

"मावशी, आई म्हणाली होती तू लिहून देशील," रविता म्हणाली. "जूनच्या आत द्यायला हवं. नाहीतर मी तिथे बसेन आणि तो कागद माझ्या मागे असेल."

तेव्हा मी सांगितलं. तयारी करून आलेलं एकही वाक्य मला आठवलं नाही. मी म्हणाले, "रविता, तो शब्द आप्पासाहेबांचा नव्हता. मी शोधला. मी लिहिला. तुझी आई बाहेर बसली होती." माझा आवाज मला परक्या बाईचा वाटला, सपाट आणि कोरडा. दोर वळायचा थांबला होता.

दित्याभाऊंनी विचारलं, "तुला तो शब्द चांगला वाटला होता का?"

चोवीस वर्षांत मला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मी स्वतःलाही नाही. "ऐकायला," मी म्हणाले. "ऐकायला चांगला वाटला होता."

त्यांनी मान हलवली. पटल्याची की नुसतीच समजल्याची, ते मला कळलं नाही. अंबाडीचे धागे तळहाताखाली पुन्हा सरकू लागले.

रविता माझ्याकडे पाहत होती, जमना. तिचे डोळे तुझे आहेत, हे मी हजारदा बोलले असेन. त्या दिवशी ते मला पहिल्यांदा दिसले. तिने तोंड फिरवलं नाही. रडली नाही, उठून आत गेली नाही. मला वाटलं ती मला घालवून देईल, आणि मी उठण्यासाठी पिशवी जवळही ओढली. तिने वाकून कागद जमिनीवर सरळ केला, दोन्ही टोकांवर दोन खडे ठेवले, म्हणजे वाऱ्याने उडू नये.

"पेन आईसोबत गेलं," ती म्हणाली. "तुझं काढ."

मी काढलं. टोपण उघडताना शाई बोटांना लागली. तुझ्या त्या विषयाच्या ओळीखालची पांढरी जागा ऊन पडून डोळ्यांत खुपत होती, आणि मला एकही शब्द सुचत नव्हता. नादाचा नाही, वासाचा नाही, कुठल्याच भाषेतला नाही. माझी मान आपोआप दाराकडे वळत होती. रविताने हात पुढे करून माझं मनगट धरलं आणि पेनाचं टोक कागदावर टेकवलं.

"लिही."